अपिलाचे दार कोणासाठी उघडे?
नवी मुंबईतील लहान घर, मोठी वसाहत आणि महाप्रकल्प : नियोजनातील न्यायाचा एक विचार

२५ डिसेंबर २०२५ रोजी आपण सारे नाताळच्या मिस्साहून घरी परतत होतो, त्याच दिवशी नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळावरून प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी या विमानतळाचे उद्घाटन झाले होते. पनवेल-उलवे परिसरातील सुमारे ११६० हेक्टर भूमी, दहा गावांचे स्थलांतर, कापून सपाट केलेली उलव्याची टेकडी आणि वळविलेला नदीचा प्रवाह, असा हा प्रकल्प आहे. त्याच नवी मुंबईत, या धावपट्टीपासून फार दूर नसलेल्या एखाद्या गावठाणात वाढत्या कुटुंबासाठी घरावर एक खोली चढविणाऱ्या गृहस्थाच्या दारावर नोटीस चिकटविली जाते आणि ‘आता दाद कोणाकडे मागायची?’ असा प्रश्न घेऊन तो वकिलाकडे, नगरसेवकाकडे, क्वचित आपल्या धर्मगुरूकडेही धाव घेतो.

टेकडी हलविण्याचा निर्णय आणि एका खोलीचा निर्णय, दोन्ही शेवटी ‘नियोजन’ याच सदरात मोडतात. परंतु त्यांविरुद्ध दाद मागण्याच्या वाटा अगदी निराळ्या आहेत. त्या कोणत्या, त्या कोणासाठी उघड्या व कोणासाठी बंद, आणि ख्रिस्ती श्रद्धावंत म्हणून आपण त्यांकडे कसे पाहावे, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत. वाशीपासून पनवेलपर्यंतच्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबे सदनिका विकत घेतात, जुन्या इमारतींचा पुनर्विकास करतात, कोणी वडिलोपार्जित घर दुरुस्त करतात. म्हणून हा विषय केवळ कायदेपंडितांचा नव्हे.

एका घराचे अपील

महाराष्ट्रातील बांधकाम परवानग्यांचा पाया म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियम, १९६६. या कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे परवानगीसाठी अर्ज करावयाचा असतो आणि कलम ४५ प्रमाणे नियोजन प्राधिकरण परवानगी देते, अटींसह देते किंवा नाकारते. साठ दिवसांत निर्णय कळविला गेला नाही, तर बांधकाम नियमांनुसार असल्यास परवानगी मिळाल्याचे मानले जाते. डिसेंबर २०२० मध्ये राज्यात लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीने लहान भूखंडांची वाट आणखी सोपी केली. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर वास्तुविशारदाच्या दाखल्यासह माहिती देऊन व शुल्क भरून काम सुरू करता येते. ३०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडासाठी दहा दिवसांत परवानगी मिळावी, अशी तरतूद आहे. लहान माणसाला लहान कामासाठी कचेरीत खेटे घालावे लागू नयेत, हा त्यामागील हेतू स्वागतार्हच म्हटला पाहिजे.

परवानगी नाकारली गेली तर काय? कलम ४७ त्याचे उत्तर देते. निर्णय कळल्यापासून चाळीस दिवसांच्या आत अर्जदार राज्य शासनाकडे अपील करू शकतो. हे अपील शासन स्वतः किंवा शासनाने नेमलेला, उपसचिवाहून कमी दर्जाचा नसलेला अधिकारी ऐकतो. अर्जदार आणि प्राधिकरण या दोघांचेही म्हणणे ऐकून अपील फेटाळता येते, परवानगी देता येते किंवा अटी बदलता येतात. या पातळीवर बांधकाम एका मजल्याचे असो वा तीस मजल्यांचे, अपिलाचे कलम एकच आहे.

येथे दोन गोष्टी वाचकांनी ध्यानात घ्याव्यात. पहिली म्हणजे हे अपील न्यायाधीशापुढे चालत नाही, शासनापुढे चालते. नवी मुंबईत या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. १९७० साली स्थापन झालेली आणि १९७१ पासून नव्या शहराची विकास प्राधिकरण असलेली सिडको ही संपूर्णतः राज्य शासनाच्या मालकीची कंपनी आहे. तीच भूखंड विकते आणि तिच्या अधिकारक्षेत्रात परवानगीही तीच देते. तिच्याविरुद्धचे अपील मात्र तिच्या मालकापुढे जाते. प्रत्येक निर्णय पक्षपाती असतो असे आमचे मुळीच म्हणणे नाही. पण न्याय झाला पाहिजे तसा तो झालेला दिसलाही पाहिजे, ही जुनी कसोटी येथे पूर्णपणे उतरत नाही, एवढे म्हणणे भाग आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. कलम ४७ प्रमाणे अपिलाचा अधिकार केवळ अर्जदाराला आहे. परवानगी नाकारली तर बांधणारा अपील करू शकतो, परंतु परवानगी दिली गेली तर शेजाऱ्याला अपील नाही. ज्याच्या खिडकीसमोर भिंत उभी राहणार, ज्याच्या विहिरीचे पाणी आटणार, ज्याच्या अरुंद गल्लीत शेकडो वाहने येणार, तो या कायद्याच्या दृष्टीने अपिलात पक्षकारच नसतो. त्याने तक्रार अर्ज करावा, प्राधिकरणाला कलम ५१ खाली परवानगी रद्द करण्याची विनंती करावी, नाहीतर उच्च न्यायालयात रिट याचिका करावी. पण कलम ५१ चा अधिकार काम बरेचसे पुढे गेल्यावर वापरता येत नाही. म्हणजे शेजाऱ्याला कळेपर्यंत अनेकदा ती वाटही बंद झालेली असते, आणि उच्च न्यायालयाची पायरी चढणे प्रत्येकाला परवडत नाही.

नोटीस मिळालेल्याचे काय?

परवानगीविना बांधकाम केल्यास कलम ५३ खाली ते पाडून टाकण्याची नोटीस निघते. पुष्कळांना ठाऊक नसते की, नोटिशीत दिलेल्या मुदतीत बांधकाम कायम ठेवण्यासाठी कलम ४४ प्रमाणे अर्ज करता येतो आणि त्या अर्जाचा अंतिम निकाल लागेपर्यंत नोटिशीचा अंमल थांबतो. अर्ज नामंजूर झाला तर त्यावर अपीलही करता येते. मुदत निसटली की मात्र हा हक्क निसटतो. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाडकामांविषयी देशभरासाठी निर्देश दिले. त्यानुसार किमान पंधरा दिवसांची पूर्वसूचना, व्यक्तिशः सुनावणी, कारणे देणारा आदेश आणि आदेशानंतर दाद मागण्यासाठी आणखी पंधरा दिवस देणे बंधनकारक आहे. रस्ते, पदपथ, रेल्वेमार्ग, जलाशय यांसारख्या सार्वजनिक जागांवरील बांधकामे आणि न्यायालयाने स्वतः पाडण्याचा आदेश दिलेली बांधकामे यांना हे संरक्षण लागू नाही.

नवी मुंबईकरांच्या मनात दिघ्याची आठवण अजून ताजी आहे. एमआयडीसी आणि सिडकोच्या जमिनींवर परवानगीविना उभ्या राहिलेल्या ९९ इमारती पाडण्याचा आदेश २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने दिला. या इमारतींत राहणारे बहुतांश लोक बांधणारे नव्हते, विकत घेणारे होते. आयुष्याची पुंजी ओतून घेतलेली सदनिका मुळातच बेकायदा आहे, हे त्यांना फार उशिरा कळले. पुढे शासनाने २०१७ साली कायद्यात कलम ५२-अ घालून ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या काही अनधिकृत बांधकामांना अटींवर व दंड आकारून नियमित करण्याची वाट काढली. दिघ्याच्या प्रकरणात अपील करण्याजोगा नाकारलेला अर्जच नव्हता, कारण परवानगी मागितलीच गेली नव्हती. बांधणारा पैसे घेऊन निघून गेला आणि कायद्यापुढे उभा राहिला तो राहणारा.

गावठाणांची गोष्ट आणखी निराळी आहे. नवे शहर वसविण्यासाठी ठाणे, पनवेल व उरण परिसरातील ९५ गावांच्या जमिनी संपादित झाल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासई येथे झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातून पुढे १९९० साली साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. परंतु कुटुंबे वाढली, गावठाणांच्या सीमा त्या प्रमाणात वाढल्या नाहीत, आणि ‘गरजेपोटी’ घरे बांधली गेली. ती नियमित करण्यासाठी शासनाने वेळोवेळी निर्णय काढले. आगरी-कोळी बांधवांच्या या घरांना आणि नफ्यासाठी उभारलेल्या बेकायदा इमारतींना ‘अनधिकृत’ हा एकच शब्द लावला जातो. शब्द एक असला तरी अन्यायाचा भार कोणी उचलला, हे पाहिल्याविना न्याय होत नाही.

मोठी वसाहत : तीस दिवसांचा हक्क

बांधकाम मोठे झाले की दुसरा कायदा त्यात येतो. १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्र शासनाच्या अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधीव क्षेत्राच्या प्रकल्पास पर्यावरणविषयक पूर्वमंजुरी घ्यावी लागते. दीड लाख चौरस मीटर वा पन्नास हेक्टरांपासून पुढच्या नगरवसाहतींसाठी अधिक सखोल अभ्यास अपेक्षित आहे. तज्ज्ञ समिती छाननी करते आणि राज्यस्तरीय पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरण मंजुरी देते.

या मंजुरीविरुद्ध मात्र शेजाऱ्याला अपील आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायदा, २०१० च्या कलम १६ प्रमाणे कोणतीही बाधित व्यक्ती तीस दिवसांत अपील करू शकते. पुरेसे कारण असल्यास आणखी साठ दिवसांची सवलत मिळू शकते, त्यापुढे नाही. पश्चिम भारतासाठी या न्यायाधिकरणाचे पीठ पुणे येथे आहे आणि तेथे न्यायिक सदस्यांसोबत तज्ज्ञ सदस्यही बसतात. त्यावरील अपील सर्वोच्च न्यायालयात नव्वद दिवसांत करता येते. कलम ४७ च्या तुलनेत ही व्यवस्था अधिक स्वतंत्र व अधिक खुली आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

तरीही एक विसंगती राहतेच. त्याच २००६ च्या अधिसूचनेने इमारती व नगरवसाहतींच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळले. म्हणजे आधी कोणी विचारत नाही आणि नंतर तीस दिवसांत पुण्याला जा, असे सांगितले जाते. आणि प्रकल्प १९,००० चौरस मीटरचा असेल तर तेही नाही. तेथे शेजारी पुन्हा कलम ४७ च्या बंद दारापाशी येतो.

घणसोलीचे मैदान

काही निर्णय परवानगीचे नसतात, आराखडाच बदलण्याचे असतात. मैदानाची जागा निवासी व वाणिज्य वापरासाठी देणे, पाणथळीवर गोल्फ मैदान आखणे, ही त्याची उदाहरणे होत. अशा निर्णयावर कलम ४७ चे अपील नाही. आराखड्यात फेरबदल करावयाचा तर कलम ३७ प्रमाणे सूचना प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात, पण अंतिम मंजुरी शासनाचीच असते.

घणसोली येथे शासकीय क्रीडासंकुलासाठी सुमारे वीस एकर जागा राखून ठेवली होती. पुढे त्या जागेचा काही भाग सिडकोने खासगी विकासकाला बांधकामासाठी दिला आणि २०२१ मध्ये शासनाने हे क्रीडासंकुल रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात, सुमारे ११५ किलोमीटर अंतरावर नेण्याचे ठरविले. घणसोलीचा मुलगा संध्याकाळी खेळायला माणगावला जाणार कसा, हा साधा प्रश्न होता. पण तो विचारण्यासाठी अपिलाचे कोणतेही वैधानिक दार नव्हते. वास्तुविशारदांच्या राष्ट्रीय संघटनेच्या नवी मुंबई केंद्राने जनहित याचिका केली. २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरविला आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयातही उच्च न्यायालयाचा निकाल कायम राहिला. त्यापूर्वी २०१८ साली नेरुळ-सीवूड्स भागातील पाणथळ जागांवर गोल्फ मैदान व निवासी बांधकामास वाट देणाऱ्या अधिसूचनाही उच्च न्यायालयाने रद्द केल्या होत्या. ते प्रकरणही पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले.

या दोन्ही प्रकरणांत नागरिकांना काही काळ तरी दिलासा मिळाला, याचा आनंद आहे. पण ज्या शहरात जाणकार संघटना नसेल, जिथे याचिकेचा खर्च उचलणारे कोणी नसेल, तिथल्या मैदानांचे काय झाले असेल, हा विचार मनातून जात नाही. न्याय मिळण्यासाठी अपवादात्मक धैर्य व साधने लागत असतील, तर तो हक्क न राहता सुदैव ठरतो.

महाप्रकल्प : सुनावणी आहे, पर्याय नाही

विमानतळाच्या बाबतीत चित्र उलटे दिसते. २०१० साली त्याची जनसुनावणी झाली, लोकांनी हरकती मांडल्या, पर्यावरणवादी संस्थांनी खारफुटी, टेकडी व नद्यांविषयी प्रश्न उपस्थित केले, आणि २२ नोव्हेंबर २०१० रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अटींसह मंजुरी दिली. हरित न्यायाधिकरणाचा कायदा त्याच्या महिनाभर आधी, १८ ऑक्टोबर २०१० रोजी अमलात आला होता. मात्र प्रत्यक्ष सुनावण्या २०११ साली सुरू झाल्या आणि पुण्याचे पीठ २०१३ साली कामाला लागले. कागदावर अपिलाचा हक्क जन्मला होता, पण पनवेलच्या ग्रामस्थाला हाक मारण्याजोगे न्यायासन जवळपास नव्हते.

त्याहून मोठी गोष्ट अशी की, जनसुनावणी होते तेव्हा प्रकल्प कोठे व्हावा हा प्रश्न बहुधा सुटलेला असतो. उरतो तो केवळ ‘कोणत्या अटींवर’ हा प्रश्न. विमानतळबाधितांना विकसित भूखंडाचा साडेबावीस टक्के मोबदला मिळाला. तो पूर्वीच्या साडेबारा टक्क्यांहून चांगला होता, आणि तो अपिलातून आला नाही, संघटित वाटाघाटींतून आला. मोठ्या प्रकल्पांचा खरा निवाडा अनेकदा न्यायासनापुढे होतच नाही, तो रस्त्यावर आणि मंत्रालयाच्या दालनांत होतो.

विमानतळाभोवतीच्या ‘नैना’ क्षेत्रात आज नगररचना योजना राबविल्या जात आहेत. तेथे जमीनमालकास मूळ जमिनीच्या चाळीस टक्के विकसित भूखंड परत मिळतो. या योजनांत लवाद नेमला जातो आणि त्याच्या काही निर्णयांवर अपील न्यायाधिकरणाकडे जाता येते. मुंबईबाहेर जिल्हा न्यायाधीश दर्जाची व्यक्ती त्याची अध्यक्ष असते व सोबत दोन सहायक असतात. म्हणजे शासनाव्यतिरिक्त न्यायाधीशापुढे अपील देण्याची कल्पना याच १९६६ च्या कायद्यात आहे. ती नगररचना योजनेतील भूखंडधारकाला मिळते, मग कलम ४७ च्या अर्जदाराला का मिळू नये?

अन्य देशांत काय आहे?

इंग्लंडमध्ये बहुतेक नियोजन-अपिले स्वतंत्रपणे काम करणारे नियोजन निरीक्षक ठरवितात. घराच्या लहानशा वाढीव बांधकामाचे अपील बहुधा कागदपत्रांवर व जागा पाहून निकाली निघते. मध्यम प्रकरणांत सुनावणी होते, गुंतागुंतीच्या प्रकरणांत साक्षी-उलटतपासणीसह जाहीर चौकशी होते आणि अत्यंत महत्त्वाची प्रकरणे मंत्री स्वतःकडे घेतात. प्रकरण जितके मोठे तितकी सुनावणी सविस्तर, हे त्यामागील सूत्र आहे. तेथेही शेजाऱ्याला अपील नाही, परंतु अपिलात आपले म्हणणे मांडता येते. आयर्लंडमध्ये त्याहून पुढचे पाऊल आहे. मूळ अर्जाच्या वेळी हरकत नोंदविलेल्या शेजाऱ्यालाही चार आठवड्यांत अपील करता येते. या हक्काचा दुरुपयोग होतो, कामे रखडतात, अशी टीका तेथे होते आणि ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. आपल्याकडेही हरकतीचा धाक घालून पैसे उकळणारे काही कमी नाहीत. म्हणून असा हक्क द्यावा तर तो आधी हरकत घेतलेल्यापुरता, अल्प मुदतीचा व कारणांसहित असावा.

नाबोथाचा मळा

पवित्र शास्त्रात राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात नाबोथाची कथा आहे. अहाब राजाला राजवाड्याशेजारचा नाबोथाचा द्राक्षमळा भाजीच्या बागेसाठी हवा होता. राजाने मोबदलाही देऊ केला, पण नाबोथाला वाडवडिलांचे वतन सोडायचे नव्हते. पुढे ईजबेल राणीने काय केले, हे आपणांस ठाऊक आहे. परंतु एक बारकावा सहसा निसटतो. तिने मळा उघडपणे लुटला नाही. तिने राजमुद्रेची पत्रे धाडली, सभा बोलाविली, दोन साक्षीदार उभे केले, आरोप वाचून दाखविला. कागदोपत्री सर्व विधी यथासांग पूर्ण झाले होते. नव्हते ते इतकेच की, नाबोथाला खरोखर ऐकून घेणारे कोणी नव्हते. एलिया संदेष्टा आला तो त्या विधीनंतर, मळ्यात उतरलेल्या राजाला विचारणा करण्यासाठी. प्रक्रिया पूर्ण होणे आणि न्याय होणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे पवित्र शास्त्र तेव्हाच सांगून गेले.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकाच्या १८३ व्या परिच्छेदात पर्यावरण-आघात अभ्यासाविषयी मार्गदर्शन केले आहे. हा अभ्यास प्रकल्प ठरून गेल्यानंतर केला जाऊ नये, तो आरंभापासून निर्णयाचा भाग असावा, पारदर्शक व दबावमुक्त असावा, आणि चर्चेत स्थानिक लोकांना विशेष स्थान असावे, असा त्याचा आशय आहे. पोप अकरावे पायस यांनी १९३१ च्या परिपत्रकात सहायकता तत्त्व मांडले. लहान समूह जे स्वतः करू शकतो ते मोठ्या सत्तेने हिरावून घेऊ नये, हे त्याचे सार होय. या दोन्हींच्या प्रकाशात आमचे मत असे आहे की, निर्णय जितका मोठा, तितका बाधितांच्या ऐकले जाण्याचा हक्कही मोठा हवा, आणि तो निर्णयाच्या आधी हवा. आपल्या व्यवस्थेत लहान घराच्या शेजाऱ्याला हक्क नाही, मध्यम वसाहतीच्या शेजाऱ्याला उशिरा मिळतो आणि महाप्रकल्पाच्या ग्रामस्थाला मिळतो तो प्रश्न संपल्यावर.

आपण काय करावे?

वसईच्या ख्रिस्ती समाजाला हा धडा नवा नाही. १९९० साली सिडको वसई-विरारचीही नियोजन प्राधिकरण झाली, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखे धर्मगुरू आणि हरित वसई संरक्षण समिती लोकांना घेऊन उभी राहिली. फादर दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी प्रभूकडे गेले, पण त्या चळवळीने शिकविलेली गोष्ट आजही उपयोगी आहे. लढण्याची खरी वेळ आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो ती असते, यंत्रे आल्यानंतरची नव्हे. २०१६ साली मुंबई महानगर प्रदेशाच्या प्रादेशिक योजनेचा मसुदा आला तेव्हा वसईकरांनी हजारो हरकती नोंदविल्या, त्या याच जाणिवेतून.

नवी मुंबई महानगरपालिका १९९२ साली अस्तित्वात आली, पण तिचा स्वतःचा विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला तो ऑगस्ट २०२२ मध्ये. त्या वेळी पालिकेत लोकनियुक्त सभागृह नव्हते. मे २०२० पासून प्रशासकाचा कारभार होता आणि निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. अशा काळात हरकती लिहिणाऱ्या नागरिकांचे काम अधिकच मोलाचे ठरते. कायद्यानुसार हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीत शासनाने नेमलेले जाणकारही असतात. तेथे केलेले नेमके, पुराव्यासहित निवेदन नंतरच्या दहा मोर्चांहून परिणामकारक ठरू शकते.

म्हणून धर्मग्रामांना आमची नम्र सूचना अशी आहे. प्रत्येक धर्मग्रामात दोन-तीन जाणकारांचा, म्हणजे एखादा वकील, एखादा वास्तुविशारद, एखादा निवृत्त अधिकारी यांचा छोटा गट असावा. सदनिका घेण्यापूर्वी कुटुंबांना मंजूर नकाशा, बांधकाम सुरू करण्याचा दाखला व भोगवटा प्रमाणपत्र तपासून पाहण्यास त्याने मदत करावी. नोटीस आलेल्याला मुदतीची आठवण द्यावी. कलम ४७ चे चाळीस दिवस आणि हरित न्यायाधिकरणाचे तीस दिवस या दोन संख्या सूचनाफलकावर लिहून ठेवाव्यात. आराखड्याचा मसुदा निघाला की तो मराठीत समजावून सांगावा. हे साह्य केवळ आपल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी नसावे, शेजारच्या आगरी, कोळी, मुस्लिम, नवबौद्ध अशा साऱ्या बांधवांसाठी असावे.

आत्मपरीक्षणही हवे. एप्रिल २०१७ मध्ये वांद्रे येथील १८९५ सालचा क्रूस महानगरपालिकेने पाडला, तेव्हा आपण व्यथित झालो. तो खासगी जागेत असल्याचे रहिवासी सांगत होते आणि त्यांना नीट ऐकून न घेता कारवाई झाली, ही आपली तक्रार रास्त होती. परंतु ज्या सुनावणीची मागणी आपण आपल्या क्रूसासाठी केली, तीच मागणी दुसऱ्याच्या झोपडीसाठी व देवळासाठी आपण करतो काय? आपल्या शाळा, सभागृहे आणि विस्तारित इमारती पूर्ण परवानगीनिशी उभ्या आहेत काय? आणि आपली भिंत चढविताना शेजाऱ्याला आपण आधी विचारतो काय? कायदा त्याला अपील देत नाही, पण शुभवर्तमान त्याला शेजारी म्हणते.

लूकच्या शुभवर्तमानातील विधवा न्यायाधीशाच्या दारी पुन्हा पुन्हा गेली. तिचे चिकाटीचे आर्जव प्रभू येशूने प्रार्थनेचा नमुना म्हणून आपल्यापुढे ठेवले. त्या दाखल्यात न्यायाधीश वाईट होता, पण निदान तिला ठोठावायला एक दार होते. आपल्या नगरात ज्यांना तेवढेही दार नाही, त्यांच्यासाठी ते उघडावे म्हणून शासनाकडे आग्रह धरणे आणि ते उघडेपर्यंत त्यांच्या सोबत उभे राहणे, हे आज आपले कर्तव्य आहे.